पणजोबांच्या गणवेशातल्या फोटोवरून पलटण कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याकडच्या जुन्या घरात पणजोबांचा फोटो सापडला. डोक्यावर रुंद काठाची फेल्टची टोपी, अंगात शर्ट आणि हाफपँट, बाहीवर दोन पट्टे, त्यावर चौकोनात पक्ष्यासारखं काहीतरी आणि खांद्याच्या टोकाला पुसट पितळी अक्षरं. घरात सांगतात, ‘पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते.’

हा फोटो पहिल्या महायुद्धातला नाही. तेव्हाचा आपला शिपाई पगडी, गुडघ्यापर्यंतचा डोक्यातून घालायचा सैल खाकी कुर्ता आणि पोटरीभर गुंडाळलेली पट्टी अशा वेशात दिसतो. फेल्टची टोपी आणि बाहीवरचं डिव्हिजनचं (अनेक पलटणींच्या मोठ्या फौजेचं) चित्र ही जोडी दुसऱ्या महायुद्धाची, त्यातही बहुधा ब्रह्मदेशाच्या आघाडीची. तरीही घरातली आठवण खोटी ठरत नाही. एप्रिल 1941 मध्येही भारतीय फौज इराकमधल्या बसऱ्याला उतरली होती, त्यामुळे पणजोबा बसऱ्याला गेले असतीलही, युद्ध मात्र दुसरं. दोन्ही युद्धांत आपले लोक इराकला गेल्यामुळे बऱ्याच घरांत हा घोळ झालेला असतो. म्हणून आधी फोटोचा काळ ठरवा, पलटण नंतर.

सुरुवात स्कॅनपासून करा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत बिल्ला बहुधा नीट वाचता येत नाही. मूळ प्रत फ्लॅटबेड स्कॅनरवर 1200 डीपीआयला, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि टिफ फाइल ठेवा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून मागची बाजू आणि पुठ्ठ्याची कड बघा. पेन्सिलचं पुसट लिखाण आणि स्टुडिओचा दाबून उठवलेला शिक्का तिरक्या उजेडातच दिसतो. बेळगाव, खडकी, पुणे कॅम्प अशा लष्करी ठाण्यांपैकी काही निघालं तर निम्मं काम झालं. एक कळकळीची विनंती: एआय वापरून फोटो ‘स्वच्छ’ करणारं ॲप वापरू नका. ते नसलेला बिल्ला रेखीव काढून देतं आणि पुढचा सगळा शोध त्या काल्पनिक बिल्ल्यामागे जातो. स्टुडिओत हाताने भरलेल्या रंगांवरही विसंबू नका, रंगारी अंदाजाने रंग भरायचा.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही बघून घ्या. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते आणि पदकाच्या फिती डाव्या छातीवर असतात. दोन्ही उलट दिसलं तर आरसा-प्रतिमा करूनच पुढे जा.

आता तो पक्षी. भारतीय डिव्हिजनांच्या चिन्हांत दोन पक्षी ठळक होते: चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड (उत्तर आफ्रिका, इटली) आणि तेविसाव्या डिव्हिजनचा पिवळ्यावरचा लाल झुंजीचा कोंबडा (इंफाळची आघाडी). फेल्टच्या टोपीमुळे माझा कल कोंबड्याकडे आहे. तेविसाव्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री या रेजिमेंटची चौथी बटालियन (म्हणजे पलटण) होती, हेही जुळतं. चित्र पुसट का, याचं कारण बहुधा फिल्ममध्ये आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या बऱ्याच काचेच्या प्लेट आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल जवळजवळ काळा उमटतो, पिवळाही गडद होतो, निळा मात्र फिका पडतो. त्यामुळे पिवळ्यावरचा लाल कोंबडा डागासारखा दिसतो. स्कॅनमध्ये फक्त तेवढा चौकोन कापून कॉन्ट्रास्ट वाढवा आणि शेपटी बघा. कमानीसारखी उभी शेपटी असेल तर कोंबडा, पसरलेले पंख असतील तर गरुड. फितींनाही हाच नियम लावा, रंगछटेपेक्षा पट्ट्यांचा क्रम आणि रुंदी मोजा.

खांद्यावरच्या पितळेने मात्र भले भले फसतात. 1922 पूर्वी आपल्याकडच्या पलटणींना तीन आकडी नंबर होते: 103, 105, 110, 114, 116, 117 या मराठ्यांच्या, आणि 1917 ला उभी राहिलेली 111 महारांची. 1922 मध्ये मराठ्यांच्या या सहा पलटणी मिळून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही एक रेजिमेंट झाली. त्यामुळे खांद्यावर 5 दिसला तर तो रेजिमेंटचा नंबर, ‘पाचवी बटालियन’ नव्हे. कागदावर 3/5 लिहिलं असेल तर ती पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. आजची महार रेजिमेंट 1941 ची. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, आडव्या व्हिकर्स मशीनगन नंतर आल्या. म्हणजे एवढ्यावरूनही फोटो युद्धकाळातला की नंतरचा, हे कळू शकतं.

आडनाव मराठा म्हणून पलटणही मराठाच, असं धरून चालू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंते), तोफखाना, सर्व्हिस कोअर (रसद पुरवणारं दल), कोल्हापूर-बडोदा-ग्वाल्हेर संस्थानांच्या फौजा, सगळीकडे आपले लोक होते. आणि खाकी हाफपँट म्हणजे लष्करच असंही नाही. जंगलखातं, सेवादल, संघ, बालवीर यांचेही गणवेश खाकी होते. बिल्ला किंवा बटण दिसेपर्यंत थांबा. बटणावर राजमुकुट असेल तर फोटो साधारण 1950 पूर्वीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा.

बाहीवरचे दोन पट्टे म्हणजे नाईक. एक लान्सनाईक, तीन हवालदार. छातीवर फीत दिसली तर तिच्यावरून फोटोची तारीख मागे ढकलू नका, पुढे ढकला. आफ्रिका स्टार हे मोहिमेचं पदक 1943 मध्ये जाहीर झालं, बर्मा आणि इटली स्टार 1945 मध्ये. बर्मा स्टारची फीत लावलेला फोटो लढाईच्या धामधुमीतला नसून युद्ध संपत आल्यावरचा किंवा नंतरचा.

सगळ्यात खात्रीचा पुरावा मात्र फोटोत नसून बहुधा ट्रंकेत असतो. पहिल्या युद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या युद्धातले भारतीय शिपायांना दिलेले स्टारही बहुतेक नाव ठोकलेले असतात, मागच्या बाजूला. ब्रिटिश शिपायांचे कोरेच असायचे. म्हणून पदक सापडलं तर चिंच-राख लावून घासू नका. चांदी मऊ असते, आधी कडेची अक्षरंच झिजतात. मऊ कापडाने धूळ पुसा आणि कड भिंगाखाली फिरवत वाचा.

नंबर मिळाला की मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करा. प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या, निवृत्तिवेतनाची जुनी नोंद तिथून निघू शकते. अर्जात नंबर, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि अंदाजे वर्षं लिहा. सोबत स्कॅनची प्रत आणि बाहीचा तो कापलेला चौकोन जोडा. इंग्रजी कागदांत शोधताना ‘मराठा’चं जुनं स्पेलिंग लक्षात ठेवा: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर जुन्या नोंदी हाती लागत नाहीत. घरातलं दुसरं कुणी युद्धात कामी आलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. भारतीय शिपायांच्या नोंदीत अनेकदा वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं. गावाचं स्पेलिंग इंग्रजांनी कानाला ऐकू आलं तसं केलेलं आहे, तेव्हा तीन-चार प्रकारे लिहून बघा.