कामगारांचा सत्कार कर, पण आधी त्यांच्यासोबत कामाची एक पाळी काढ

अगं, तुझा मेसेज वाचला. 28 एप्रिलला जागतिक कामगार सुरक्षा दिन, त्या दिवशी सगळ्या कामगारांचा सत्कार ठेवायचाय, आणि भाषणात काय बोलू म्हणून विचारलंयस. बरं वाटलं खरंच, कारण नवीन नोकरीला लागलेलं माणूस वरच्या साहेबांकडे बघत असतं, लादी पुसणाऱ्या मावशींचं नाव माहीत करून घ्यायला कुणाला सवड नसते. सत्कार जरूर कर. पण त्याआधी त्यांच्यासोबत एक अख्खी पाळी काढ, सोबत फिर आणि बघ की दिवसभरात त्यांच्या अंगावर काय काय येतं ते.

1700 च्या सुमाराला रामाझिनी नावाचा इटालियन डॉक्टर होऊन गेला, तो इतर डॉक्टरांना सांगायचा की पेशंटला बाकी सगळं विचारता ना, मग तू काम काय करतोस हेही विचारा. तू तोच प्रश्न थोडा वाढवून विचार, काम काय करता आणि संध्याकाळी घरी गेल्यावर दुखतं कुठे. पहिल्यांदा सगळे "काही नाही, बरंय" असंच म्हणतील. लगेच वही बंद करू नकोस, थांब, हळूहळू बोलतात.

सफाईवाल्यांपासून सुरुवात कर. त्यांचं सामान ठेवायची जागा बघ, बहुतेक जिन्याखाली असेल, तिथे पाण्याच्या जुन्या बाटल्यांमध्ये केमिकल ओतून ठेवलेलं दिसेल, ना लेबल ना काही. आता एका बाटलीत ब्लीच आणि दुसरीत संडास साफ करायचं अ‍ॅसिड, आणि डाग निघत नाही म्हणून कुणी दोन्ही एकत्र टाकलं की क्लोरीन वायू तयार होतो, बंद खोलीत तो फुप्फुसाची वाट लावतो. ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलेलीच नसते आणि खोकला झाला की लोक म्हणतात हवा बदललीय. मॉपचा दांडा पण बघ, आखूड असेल तर पाळीभर वाकून काम, मग कंबर धरणारच. लांब दांडा आणायला असा कितीसा खर्च येतो?

टाइल किंवा दगड कापायचं काम चालू असेल तर तिथे जास्त वेळ थांब. त्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते, तिचे सगळ्यात बारीक कण डोळ्याला दिसतही नाहीत आणि ते थेट फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, तो एकदा झाला की बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही, पण कापताना ब्लेडवर पाणी सोडत राहिलं की बरीचशी धूळ उडायच्या आधीच खाली बसते. मला तुझ्या डोक्यात हेच पक्कं बसवायचंय, आधी धोकाच काढता येतो का बघ, नाही जमलं तर साधन बदल, कामाची पद्धत बदल, आणि मास्क-हेल्मेट सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, हेल्मेट वाटलं, फोटो काढला, झालं, आणि उद्या अपघात झाला की म्हणायला मोकळे की कामगारच बेपर्वा होता. मला ते वाक्य ऐकवत नाही.

टाकी, गटार, मॅनहोल यांच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. तिथे हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू साठतो, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि आतल्या माणसाला वाटतं वास गेला म्हणजे धोका गेला. मग एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो आणि तोही जातो. जमेल तिथे माणूस न उतरवता मशीननेच काम करून घ्यायचं, आणि गॅस मोजल्याशिवाय कुणालाच आत सोडायचं नाही, वरून कितीही घाई असू दे.

"मी हे करणार नाही, इथे धोका आहे" असं म्हणणाऱ्याच्या मागे उभी राहा. 2013 मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत पडली त्याच्या आदल्या दिवशीच भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तळमजल्याकडची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं, 1,100 च्या वर माणसं गेली. जीवाला धोका दिसला तर काम सोडून बाजूला होणाऱ्याला शिक्षा होऊ नये, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या करारात लिहिलेलं आहे, तुझ्या साहेबांना गरज पडली तर दाखव.

उन्हातल्या कामाचं पण राहिलंच. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ उन्हात राबवू नकोस, पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा वेळ आणि मग रोज थोडं थोडं वाढवायचं, शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पाणी आणि सावली हाताशी हवी, लांब असेल तर कुणी जात नाही.

आणि सत्काराच्या यादीत कंत्राटी लोकांची नावं आहेत का ते बघ, सगळ्यात धोक्याची कामं त्यांच्याकडेच असतात आणि यादीतून नेमके तेच गळतात. हातमोजे मागवशील तेव्हा बायकांच्या हाताचं माप विचारून घे, मोठे मोजे घसरतात म्हणून त्या काढून ठेवतात. पाळी झाली की काय काय दिसलं ते मला सविस्तर लिही, भाषणाचं त्यानंतर बघू.

तुझी,
ताई