अभिमन्यूवर लिहिताना

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अभिमन्यूवधावरचं टिपण वाचलं. पहिल्याच ओळीत डोळ्यांना पाण्याची धार लावलीस, पण लढाई कुठं दिसत नाही. गर्भात ऐकलेल्या चक्रव्यूहाची गोष्ट लोकप्रिय आहे, तिला हरकत नाही; महाभारताच्या द्रोणपर्वात मात्र अभिमन्यू युधिष्ठिराला एवढंच सांगतो, की वडिलांनी व्यूह फोडायला शिकवलंय, संकटात बाहेर पडायला नाही. जयद्रथानं मारलं, हे वाक्य खोड. त्यानं शंकराच्या वराच्या जोरावर मागून येणाऱ्या पांडवांना अडवलं, एवढंच. अर्जुन युद्धाच्या त्या तेराव्या दिवशी संशप्तकांशी, म्हणजे जिंकू किंवा मरू अशी शपथ घेतलेल्या योद्ध्यांशी, लढण्यात गुंतला होता.

करवीर नगर वाचन मंदिरात द्रोणपर्वाचं मराठी भाषांतर मिळतं का, विचार. मग कागदावर तीन रकाने आख: कुणी, काय तोडलं, पोराच्या हातात काय उरलं. कर्णानं धनुष्य तोडलं, कृतवर्म्यानं घोडे मारले, कृपाचार्यांनी रथाच्या बगलेचे सारथी. मग ढाल-तलवार; द्रोणांनी तलवार मुठीपाशीच छाटली, कर्णानं ढाल फोडली. पुढं चक्र, तेही तोडलं. शेवटी गदा. दुःशासनाच्या मुलाशी गदायुद्धात दोघंही पडले. दुःशासनाचा मुलगा आधी उठला आणि त्यानं अभिमन्यू उठत असतानाच त्याच्या डोक्यावर गदा हाणली. क्रम चुकला की प्रसंगाची धार जाते, कारण एकेक वस्तू कमी होत जाणं हाच तर प्रसंग आहे.

आता तू ज्याला एका ओळीत उरकलंस, ते द्रोण. आधी ते पोराच्या चपळाईचं मनापासून कौतुक करतात: बाण झोंबतायत, तरी आनंद होतोय. कर्ण उपाय विचारतो तेव्हा लगेच सांगतात: कवच अभेद्य आहे, ही विद्या मीच त्याच्या बापाला दिली, म्हणून धनुष्य, दोरी, लगाम, घोडे, सारथी तोडा आणि मग विरथ करा. कौतुक आणि कट एकाच तोंडून. निम्मं टिपण इथं खर्च कर. ‘दुष्ट कौरव’ लिहून सुटू नकोस.

शिवाजी पेठेत मर्दानी खेळाचा सराव चालू असेल तर तासभर बघ. ढाल गेल्यावर डावा हात कसा उघडा पडतो, ते नीट पाहा. तुझी क्रियापदं सुधारतील.

निवाडा करायची घाई नको. तो पडल्यावर आकाशातले जीव ओरडतात, की सहा महारथींनी एकट्याला मारलं, हा धर्म नव्हे. म्हणजे ग्रंथानं आपलं मत आधीच दिलंय. तुला ते पटतं का आणि द्रोणांना त्यात कुठं बसवतोस, एवढंच शेवटच्या परिच्छेदात लिही.