दिवाळीनंतर रिकामा होणारा वर्ग

‘मावशी, मी बीड जिल्ह्यातल्या दोनशिक्षकी शाळेत शिक्षणसेविका आहे. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलं परततात, तोवर जोडाक्षरंसुद्धा विसरलेली असतात. घरचे म्हणतात, १६ हजारांत काय राहिलंय, एमपीएससीचा अभ्यास कर. माझ्या शिकवण्याचा खरंच काही उपयोग होतो का?’

बाळा,

घरच्यांची काळजी खोटी नाही. २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला ६ हजारच मिळत, हे सांगून तुझं आजचं पोट भरणार नाही. परीक्षा द्यावीशी वाटली तर जरूर दे. पण ते काम करायची ओढ आहे म्हणून दे, मुलं विसरतात म्हणून नको.

कारण विसरण्यात तुझी हार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला दोघांनाही जावं लागतं. मग मूल कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत राहतं, धाकट्याला सांभाळतं, वाढे म्हणजे उसाचे शेंडे गोळा करतं. पाच-सहा महिने पाटी हातात नसेल तर जोडाक्षरं जाणारच.

पण ते पोर परत येतं तेव्हा कोरं नसतं. मोळ्या मोजायच्या कशा, गाडीत किती टन बसतात, उचलीतून किती वळते झाले, हे त्याच्या कानावरून रोज गेलेलं असतं. आल्या आल्या चाचणी घेऊ नकोस. त्याला फळ्याजवळ बोलव आणि फडावरचा हिशोब वर्गाला सांगायला लाव. आम्ही शिक्षक मुलांना काय येत नाही तेच आधी शोधतो, ही खोड मोडायला मला फार वर्षं लागली. आणि उपयोगाचं विचारतेस, तर वजनकाट्याची पावती वाचून बापाला आकडा सांगणारं लेकरू अनेक घरांतलं पहिलंच वाचणारं माणूस असतं. तो आकडा त्याला शाळेतच वाचायला आला ना? याहून मोठी कमाई मला तरी माझ्या नोकरीत दिसली नाही.

आता कामाचं. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत जातोय का, हे मुख्याध्यापकांना विचार. त्यात मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय होते. पालकांशी दिवाळीत बोलून काही होत नाही, तोवर उचल घरात खर्च झालेली असते आणि टोळी ठरलेली असते. जी मुलं जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दे, म्हणजे ते दाखवून तिकडच्या शाळेत शिक्षण पुढे चालू ठेवता येतं. जमलं तर कारखान्याजवळच्या शाळेला फोन कर. वर्षाच्या मध्यात आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. तिथल्या गुरुजींना मुलाचं नाव आधी कळलेलं असलं की ते बोलावून बसवून घेतात, हा माझा अनुभव आहे.

यंदा पोळ्याच्या आधीच घरं फिरायला लाग. सुरुवात त्या घरापासून कर, जिथली थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला दरवर्षी नेली जाते. तिच्या आजीशी बोल. धाकट्यालाही ठेवून घ्यायला आजी तयार झाली, तर ती पोरगी यंदा वर्गात राहील.

तुझी मावशी