म्हशीला ‘भू-भू’ म्हणतो आणि खिदळतो

‘मावशी, माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. २५ एक शब्द बोलतो, दोन शब्द जोडत नाही. आधी म्हशीला “हम्मा” म्हणायचा, आता “भू-भू” म्हणतो आणि हसत सुटतो. भाकरीचा तुकडा पुढे करतो, आपण हात केला की मागे घेतो. त्याचे पप्पा म्हणतात, वाईट खोड लागली. सासूबाई म्हणतात, जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावा. शेजारच्या फुप्पी त्याच्याशी दखनीत बोलतात, त्यानं गोंधळतोय का? नणंदेची मुलगी याच्याच वयाची, घडाघडा बोलते. मला झोप लागत नाही.’
– एक आई, सेलू

लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या म्हशीपाशीच थांबले. ‘भू-भू’ म्हणताना तो कुणाकडे बघतो, ते उद्या नीट बघ. म्हशीकडे बोट, पण डोळे तुझ्याकडे किंवा आजीकडे असतील, क्षणभर थांबेल आणि मग खिदळेल, तर तो तुमची गंमत करतोय. ज्या लेकराचा खरंच गोंधळ होतो ते सहसा असं तुमच्या तोंडाकडे बघत, खिदळत थांबत नाही, चुकीचं नाव घेऊन आपल्या नादात पुढं जातं. म्हैस कोण, कुत्रं कोण हे त्याला पक्कं कळलंय, आणि तुलाही ते कळतं हे त्याला माहीत आहे. त्याशिवाय ही थट्टा जमतच नाही. माझा नातू याच वयात वाटी डोक्यावर पालथी घालून ‘टोपी’ म्हणायचा आणि आम्ही हसेपर्यंत वाटी काढायचा नाही. भाजीचा रस कानामागून ओघळायचा, तरी नाही.

भाकरीचंही तेच. वासुदेवी रेड्डी या मानसशास्त्रज्ञांनी तान्ह्या मुलांच्या चिडवण्याचा अभ्यास केलाय. वस्तू पुढं करून ऐनवेळी मागं घेणं पहिल्या वाढदिवसाआधीच दिसू शकतं. समोरच्याला काय हवंय, हे ओळखल्याशिवाय त्याला असं हुलकावता येत नाही. म्हणून त्याच्या पप्पांना सांग, रागवू नका. ‘दे की रे मला!’ म्हणून रडल्याचं सोंग करा, मग बघा कसा खूश होतो ते.

आता बोलण्याचं. दोन वर्षं पूर्ण होताना साधारण ५० शब्द आणि ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असं दोन शब्द जोडून बोलणं अपेक्षित असतं. तुझ्या हाती दोन महिने आहेत, ते नणंदेच्या मुलीशी तुलना करण्यात घालवू नकोस. फुप्पींना बोलू दे. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, आणि शब्द मोजशील तेव्हा दखनीतलेही मोज. वेखंड मात्र नको. एवढ्याशा जिभेला ते झोंबतं, उलट्या होऊ शकतात, आणि बोलणं त्यानं येत नाही. सासूबाईंना तोडून बोलू नकोस, काळजीपोटीच सांगतात त्या. त्यापेक्षा पदराआडून ‘भॉक’ करायचं काम त्यांच्याकडे दे. जेवताना मोबाइल लावत असशील तर तो बंद कर, त्याच्याशी थट्टा करायला मोबाइल थांबत नाही.

एक गोष्ट मात्र मला तुझ्याकडून नक्की हवी आहे. ‘हम्मा’ हा शब्द थट्टा नसतानाही निघतो का, ते बघ. आलेले शब्द खरोखर गळायला लागले, हाक मारल्यावर वळत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, सर्दी झाली की कान वाहत असेल, तर दोन वर्षांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखव. यातलं काही नसलं आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत शब्द जुळले नाहीत, तरीही दाखवच. आधी कान तपासून घे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्यांना सांगितलंस तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासतात तिथं, पाठवतात, पैसे लागत नाहीत.

तोवर त्याची थट्टा अर्ध्यावर सोडू नकोस. तो ‘भू-भू’ म्हणाला की ‘नाही रे, म्हैस म्हण’ असं दुरुस्त करत बसू नकोस. आधी पोटभर हस, मग म्हण, ‘काळी भू-भू? मोठी भू-भू? भू-भू दूध देते?’ दोन-दोन शब्द त्याच्या कानावर असेच पडू देत. आणि एखाद्या सकाळी अंगणातल्या कोंबडीकडे बोट दाखवून तूच ‘हम्मा’ म्हणून बघ. तो काय करतो, ते मला कळव.

तुझी,
मावशी