फ्रीडरिक्सहाफेन ते आल्टनऱ्हाइन: आडवे येणारे सरोवर

आपण विचारले आहे की, जर्मनीतील फ्रीडरिक्सहाफेन आणि स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन-आल्टनऱ्हाइन हे दोन विमानतळ नकाशावर जेमतेम वीस किलोमीटरवर दिसत असताना प्रवासाला तासभर का लागतो, आणि आल्टनऱ्हाइनहून व्हिएन्नाचे विमान पकडायचे असल्यास किती आधी निघावे. नोकरीनिमित्त काही वर्षे मी फ्रीडरिक्सहाफेनमध्ये राहिलो असून ही वाट अनेकदा तुडवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सरळ रेषेतील अंतर सुमारे २१ किलोमीटर आहे, परंतु त्यातील बराचसा भाग बोडनझे सरोवराचे पाणी आहे आणि सरोवराच्या या रुंद भागावर पूल नाही. त्यामुळे मोटारीने पूर्वेकडून वळसा घालावा लागतो: लिंडाऊपर्यंत जर्मनी, ब्रेगेन्झला ऑस्ट्रिया आणि ऱ्हाइन ओलांडल्यावर स्वित्झर्लंड. हे अंतर ५० किलोमीटरच्या आसपास भरते आणि रस्ता मोकळा असेल तर तासाभरात कापले जाते. तो नेहमी मोकळा नसतो, हीच खरी अडचण आहे. फ्रीडरिक्सहाफेन ते लिंडाऊ हा बी ३१ रस्ता उन्हाळ्यात तुंबतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ब्रेगेन्झला सरोवरावरील रंगमंचाचा संगीत महोत्सव असतो तेव्हा संध्याकाळी तर विशेष. ब्रेगेन्झजवळच्या फेंडर बोगद्याच्या पट्ट्यासाठी डिसेंबर २०१९ पासून ऑस्ट्रियाचा पथकर-स्टिकर लागत नाही. स्विस महामार्गाचा मात्र लागतो, पण होख्स्टमार्गे साध्या रस्त्याने गेल्यास त्याचीही गरज पडत नाही.

दुसरा मार्ग पाण्यावरचा. फ्रीडरिक्सहाफेन ते रोमान्सहॉर्न ही मोटारी वाहून नेणारी फेरीबोट साधारण दर तासाला सुटते आणि ४१ मिनिटांत पलीकडे पोहोचवते. तेथून आल्टनऱ्हाइन मोटारीने सुमारे अर्ध्या तासावर आहे. वेळ वाचत नाही, परंतु गर्दीच्या दिवशी भरवसा मला याच मार्गाचा वाटतो. स्वच्छ हवेत डेकवर उभे राहिले की समोर २,५०२ मीटर उंचीचा झेंटिस पर्वत बर्फासह दिसतो, आणि ती ४१ मिनिटे कमीच वाटतात.

या दोन विमानतळांदरम्यान थेट विमानही होते, हे आपल्याला ठाऊक नसावे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पीपल्स या कंपनीने कोलोनला जाणाऱ्या विमानाचा हा पहिला टप्पा म्हणून सुरू केला. उड्डाण केवळ आठ मिनिटांचे होते. पर्यावरणवाद्यांनी त्यावर कडक टीका केली, आणि एप्रिल २०१७ मध्ये तो बंद झाला. माझ्या मते तो बंद झाला हे योग्यच झाले, कारण विमानतळावर आधी पोहोचणे आणि सुरक्षा तपासणी धरली तर त्या आठ मिनिटांना प्रवाशाच्या दृष्टीने काही अर्थ उरत नव्हता.

शेंगेन व्हिसा तिन्ही देशांत चालतो, तरी पारपत्र सामानात न ठेवता हाताशी ठेवावे. मोटार भाड्याची असेल तर ती स्वित्झर्लंडमध्ये नेण्याची परवानगी करारात आहे का, ते आधी पाहावे. दुसऱ्या देशात गाडी सोडण्याचे शुल्क बरेच पडते. रेल्वे आणि बसने गेल्यास लिंडाऊ व ब्रेगेन्झ भागातील गाडीबदल धरून दोन तास हाताशी हवेत. आपले विमान सकाळचे असेल तर मोटारीने सुटण्याच्या तीन तास आधी निघावे, म्हणजे वाटेत अर्धा-पाऊण तास गेला तरी चुकणार नाही.