बैठकीत तिला कोणी विचारलं?

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान, ८४ टक्के. तिरुपतीच्या आयसरमध्ये (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था) बीएस-एमएस या जोडपदवीला जागा मिळते आहे, पण पाच वर्षांचं शिक्षण. थोरले भाऊ, बहीण, मेहुणे असे सगळे बसलो आणि एकमताने डी.फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) ठरलं, दोन वर्षांत हाताशी येईल. पुतण्याचा नीटचा तिसरा प्रयत्न चालू आहे, घरात तो ताण आहेच. मुलगी हट्ट सोडत नाही. तिला समजवा. – एक वडील, जि. सांगली

नमस्कार. तिला समजवायचं काम मी घेत नाही. बोलायचं आहे ते तुमच्याशीच.

पुतण्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच अडकलो. म्हणजे घराला धीर नाही असं नाही. मुलासाठी, पुढे काय होईल हे ठाऊक नसताना, घर तिसऱ्यांदा थांबलंय. मुलीच्या हातात जागा आहे आणि तिची पाच वर्षं जड झाली!

दहा डोकी बसली की लांबचं दिसतं, हा समज सोडा. बैठकीत बहुतेकदा सर्वांत उतावळ्याचं चालतं. ‘लग्नाचं काय?’ विचारायला दोन शब्द पुरतात. संशोधनातलं आयुष्य तुमच्यात कोणी पाहिलेलंच नाही, मग त्याची बाजू मांडणार कोण? थोरले बोलले की बाकीच्यांच्या माना हलतात. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली लोकांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली होती. उत्तर समोर ढळढळीत दिसत होतं, पण सोबतचे ठरवून चुकीचं सांगत. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी त्यांचीच री ओढली. पुढच्या प्रयोगांत सोबत्यांपैकी एकजण जरी खरं बोलला, तरी हे री ओढणं एकदम कमी झालं. तुमच्या बैठकीत तो एकजण तुम्ही व्हायला हवे होतात.

डी.फार्म. वाईट नाही. दोन वर्षं, मग प्रशिक्षण, नोंदणी, मेडिकल दुकान. ज्याला ते करायचंय त्याने जरूर करावं. आयसरची परीक्षा तर ती देऊन बसली आहे. विज्ञान शिकणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी तेवढ्या वाचून घ्या.

पत्रात पैशाचा शब्दही नाही. खरी अडचण तीच असेल तर फी आणि वसतिगृहाचा खर्च कागदावर मांडा, शैक्षणिक कर्जाचं बँकेत विचारा. त्यासाठी मेहुण्यांना कशाला बोलावायचं?

जागा स्वीकारायची मुदत आधी बघा. आज जेवणं झाली की मुलीसोबत बसा, दोघंच. भावांना नंतर कळवता येईल.