रानखुणा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आगरात पाटाच्या चिखलात मोठे ठसे उमटलेत. वाघ आला म्हणून वाडीत आवई उठली आहे. तीन फोटो पाठवतो. (गुहागर तालुका)

उत्तर : ठशाशेजारी काडेपेटी ठेवलीत ते झकास केलंत. नाहीतर लोक नुसता चिखल पाठवतात आणि विचारतात, वाघ का हो?

पहिल्या दोन फोटोंत कुत्रा आहे. मोठ्या बिबट्याचा पंजा रुंदीला साधारण ७ ते ९ सेंटिमीटर भरतो, पण दांडगा कुत्राही त्याच्या जवळपास जातो, म्हणून नुसत्या मापावर जाऊ नका. चालताना बिबट्याची नखं आत असतात. तुमच्या ठशांत बोटांपुढे नखांची टोकं स्पष्ट आहेत. अर्थात निसरड्यावर बिबट्यासुद्धा नखं रोवतो, तेव्हा तळव्याची गादी बघायची. बिबट्याची गादी मोठी, मागच्या कडेला तीन फुगवटे. कुत्र्याची लहान नि तिकोनी. शिवाय तुमचा प्राणी प्रत्येक माडाशी थांबत, गिरक्या घेत गेलाय. बिबट्याला एवढी चौकशी करायची सवड नसते. तो सरळ वाट धरतो आणि त्याचा मागचा पाय बहुधा पुढच्याच्या ठशावर किंवा लगत पडतो.

मला तिसरा फोटो जास्त बोलका वाटला. कुरतडलेलं माडाचं रोप, शेजारी लांब टाचेचा ठसा, त्यापुढे नखांच्या खुणा आणि मातीवर बारीक फरपटलेल्या रेघा. हे साळिंदर. रेघा त्याच्या काट्यांच्या. वाघाची चर्चा राहू द्या, उरलेल्या रोपांभोवती आधी जाळी ठोका.

प्रश्न : पुळणीवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा पट्टा दिसला, पण ट्रॅक्टर आलाच नव्हता. (मंडणगड तालुका)

उत्तर : समुद्री कासवीण, अंडी घालायला वर आलेली. तिच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा डावी-उजवी आलटून-पालटून असतील तर ऑलिव्ह रिडले जातीची. हिरव्या कासवाच्या समोरासमोर, जोडीने पडतात. पट्टे दोन असणार, एक चढतीचा, एक उतरतीचा. उतरतीचा लांब असेल तर ती ओहोटी लागल्यावर परतली. वर वाळू उकरून चोपलेली दिसली तर घरटं असण्याची शक्यता मोठी. नुसतंच वळण दिसलं तर बाई अंडी न घालताच माघारी गेली. खात्री करायला काठी खुपसू नका, अंडी फुटतात. गावातल्या कासवमित्राला (घरटी राखणाऱ्याला) किंवा वनरक्षकाला सकाळीच कळवा, कारण कोल्ह्यांना तो पट्टा आपल्याआधी वाचता येतो.